भाग ३७ : "किती वीज खातं?" तीस हजारांत ग्राफिक्स कार्ड निवडताना

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोललो तसंच ठेवलंय. फक्त माझं अडखळणं कमी केलंय.)

आज आवाज जरा वेगळा येत असेल तर सांभाळून घ्या. आजचा स्टुडिओ म्हणजे माझ्या घराची पडवी आहे आणि माइक म्हणजे माझा मोबाइल. मधेच कोंबडा ओरडला तर तो काही मी कापणार नाहीये.

मी आज मणिबेलीत आहे. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. निवडणुकीच्या बातम्यांत तुम्ही हे नाव ऐकलं असेल. महाराष्ट्रातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र ते आमचं. सुट्टी दिवाळीची असली तरी आमच्याकडे खरा सण होळीचा. पण सुट्टी मिळाली की घरी यायचं, हे ठरलेलं.

तर विषय. गेले दोन महिने तुमच्या मेसेजेसमध्ये एकच प्रश्न आहे. "दादा, पंचवीस-तीस हजार आहेत, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" मी टाळत होतो. कारण कार्डाचं नुसतं नाव सांगणं सोपं असतं आणि ते निम्म्या लोकांसाठी चुकीचं निघतं. पण दिवाळीच्या आधी माझ्याच मामेभावाने हाच प्रश्न विचारला. मग टाळता येईना. त्याच्यासाठी आम्ही जे केलं ते आज पूर्ण सांगतो, आकड्यांसकट.

आणि सुरुवात करतो माझ्या आईने विचारलेल्या प्रश्नाने.

काल संध्याकाळी तिला सांगत होतो की भाच्याने तुझ्या असं असं कार्ड घेतलं. तिने आमच्या बोलीत विचारलं, मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "किती वीज खातं?"

मित्रांनो, मी शेकडो व्हिडिओ पाहिलेत. एकाचीही सुरुवात या प्रश्नाने होत नाही. सगळे सुरू होतात ते "किती एफपीएस देतं" इथून. पण आमच्या घरात सोलरवर दिवे आहेत. इथे कुठलीही वस्तू आली की पहिला प्रश्न हाच असतो. टीव्ही किती खातो? पंखा किती खातो? मिक्सर लावला तर रात्री दिवा राहील का?

मी तिला मोबाइलवरून समजावलं. तुमच्या खिशातल्या पाच हजार एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते. त्यावर तुम्ही दिवसभर रील्स बघता, गेम खेळता. मामेभावाने घेतलेलं कार्ड पूर्ण ताणात १३२ वॅट घेतं. म्हणजे तुमच्या मोबाइलची अख्खी बॅटरी ते नऊ मिनिटांच्या आत संपवेल. नुसतं कार्ड हां. बाकीचा पीसी वेगळा.

आई म्हणाली, "मग ते इथे आणू नका." (हसतो.) बरोबर आहे तिचं.

आधी माझी चूक

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर पॉडकास्टवर सांगितलेली नाही.

२०२१ साल. तेव्हा कार्डांची काय अवस्था होती आठवतंय ना? लॉकडाऊन, चिप्सचा तुटवडा, आणि वर इथेरियमचं मायनिंग करणारे ढिगाने कार्ड उचलत होते. आरटीएक्स ३०६० हे कार्ड त्या फेब्रुवारीत ३२९ डॉलरला बाजारात आलं, पण दुकानात त्या भावात कुठे मिळत होतं? दुप्पट भाव सांगायचे आणि वर "स्टॉक नाही". मी तेव्हा नंदुरबारला शिकत होतो. एक जुना पीसी होता माझ्याकडे. मला त्यात जीटीएक्स १०५० टीआय टाकायचं होतं.

आईने दोन बोकड विकले. मी तिला सांगितलं होतं, अभ्यासासाठी पीसीत एक पार्ट टाकायचाय. अर्धं खरं होतं ते. साडेसात हजार रुपये. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे कार्ड दिसलं, बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त, "थोडं वापरलेलं". मी घेतलं.

कार्ड आलं, लावलं, विंडोजमध्ये नावही १०५० टीआय, ४ जीबी असंच दिसलं. पण गेम चालू केला की पीसी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मला वाटलं ड्रायव्हरचा घोळ असेल. आठवडा घालवला. मग कोणीतरी सांगितलं, जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाक. ते फुकट आहे. टाकलं, तर कार्डाच्या नावाच्या आधी इंग्रजीत 'फेक' असा शब्द.

हा प्रकार असा असतो. दहा-बारा वर्षं जुनी चिप घ्यायची, तिच्या बायोसमध्ये नव्या कार्डाचं नाव लिहायचं. विंडोज बिचारं जे लिहिलंय ते वाचून दाखवतं. आत माल वेगळाच. आणि मला ते डब्बा उघडतानाच कळायला हवं होतं, कारण त्या कार्डाला मागे व्हीजीए पोर्ट होता. तो निळा, पंधरा पिनांचा. अस्सल १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट नसतोच. हे लक्षात ठेवा. कोणी तुम्हाला या किंवा यानंतरच्या पिढीचं जीटीएक्स, आरटीएक्स कार्ड व्हीजीए पोर्टसह विकत असेल, तर हात जोडा आणि निघा.

विक्रेत्याचा नंबर बंद. पैसे गेले. आईला मी सांगितलं, "पार्ट बसला, चांगला चाललाय." ती गोष्ट तिथेच ठेवा, शेवटी परत येतो.

मामेभावाचा पीसी

आता मामेभाऊ. त्याने त्याचं नाव सांगू नको असं बजावलंय. नंदुरबारला खोली करून राहतो, कॉलेज करतो. दोन वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत अंकलेश्वरला कंपनीत काम केलं. घरी देऊन हातात राहिले तीस हजार. हे तीस हजार कसे आलेत ते मला माहीत आहे, म्हणून मला घाम फुटला होता. आपल्या सल्ल्याने हे पैसे चुकले तर?

त्याचा पीसी एका सिनिअरकडून घेतलेला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी ४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, २२ इंची मॉनिटर, फुल एचडी, ७५ हर्ट्झ. एसएमपीएस लोकल, वर स्टिकर ४५० वॅटचं. आणि खोलीत लाइट जाते-येते म्हणून एक ६०० व्हीएचा यूपीएस. कार्ड होतं १०५० टीआय. अस्सल. (हसतो.) मी आधी तेच तपासलं.

खेळायचं काय? व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि रेड डेड रिडेम्प्शन २ नीट बघायचं होतं त्याला. घोडा पळताना अडखळतो म्हणे.

त्याचा फोन आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. "दादा, इंटेल आर्क बी ५८० घेतोय. बारा जीबी आहे. सगळे म्हणतात पैसावसूल."

मी म्हटलं, थांब. कार्डाचं नाव शेवटी घेऊ. आधी भिंतीतल्या पॉइंटपासून सुरू करू.

मेगावॅट आणि पॉइंट

इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती मणिबेलीतूनच सुचते. आमचं गाव सरदार सरोवरात बुडालेल्या महाराष्ट्राच्या गावांमधलं अगदी पहिलं. धरणाची भिंत इथून फार लांब नाही. तिथल्या दोन वीजघरांची क्षमता मिळून १४५० मेगावॅट आहे, नदीपात्रातलं १२०० आणि कालव्याच्या तोंडाशी २५०. त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. शाळेत असताना मी हे आकडे पाठ केले होते आणि रात्री सोलरच्या दिव्याखाली अभ्यास करत होतो. आकडा खोटा नव्हता. पण माझ्या वहीवर किती उजेड पडतोय हे त्या आकड्यावरून कळत नव्हतं.

ग्राफिक्स कार्डाच्या डब्यावरचे आकडे तसेच असतात. बारा जीबी, इतके कोअर, इतके टेराफ्लॉप. खोटं काही नसतं. पण तुमच्या पडद्यावर त्यातलं किती उतरणार हे ठरवतात तुमचा एसएमपीएस, यूपीएस, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मॉनिटर. यातलं सगळ्यात कमजोर जे असेल, त्याच्यापुढे कार्ड जात नाही.

चला, हिशोब करू. कागद घ्या, किंवा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा.

रायझन ५ ३६०० पूर्ण ताणात ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून मी ४५ धरले. झाले १३३. यात कार्डाचे वॅट मिळवायचे. पण हे झालं पीसीच्या आतलं. भिंतीतून ओढली जाणारी वीज याहून जास्त असते, कारण एसएमपीएस थोडी वीज उष्णतेत घालवतो. '८० प्लस ब्रॉन्झ' शिक्का असलेला बरा एसएमपीएस असेल तर ८५ टक्के धरा. म्हणजे ०.८५ ने भागा. त्यात मॉनिटरचे २५ वॅट मिळवा, कारण तोही यूपीएसवरच असतो.

आणि यूपीएस? ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे! इथे खूप जण फसतात. मागचं स्टिकर वाचा. अशा यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅट लिहिलेलं असतं. त्याच्याही यूपीएसवर तेच होतं. त्याच्या वर लोड गेला आणि त्याच वेळी लाइट गेली, की यूपीएस पीं पीं करतो आणि सगळं बंद. मग यूपीएस असून उपयोग काय?

आता एकेक कार्ड टाकून बघू.

आरटीएक्स ४०६०, ११५ वॅट. भिंतीतून एकूण ३१७ वॅट.

आरएक्स ६६००, १३२ वॅट. एकूण ३३७.

आरटीएक्स ५०६०, १४५ वॅट. एकूण ३५२.

आरएक्स ७६००, १६५ वॅट. एकूण ३७६.

आरटीएक्स ३०६०, १७० वॅट. एकूण ३८१.

आर्क बी ५८०, १९० वॅट. एकूण ४०५.

आपली रेघ कुठे आहे? ३६० वर. म्हणजे पहिली दोन आरामात, तिसरं काठावर, बाकीची तीन बाहेर. हा सगळ्यात वाईट वेळेचा हिशोब आहे हे मान्य. गेम खेळताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम शंभर टक्क्यांवर क्वचित जातात. पण हिशोब वाईट वेळेचाच करायचा असतो. नावाडी होडीत माणसं बसवताना नदी शांत आहे म्हणून दहा जास्तीची बसवतो का?

आणि त्याचा लोकल एसएमपीएस ७५ टक्क्यांचाच निघाला असता तर? तेच ६६०० कार्ड मग ३७८ वॅटवर गेलं असतं. रेघेच्या बाहेर. म्हणजे स्वस्त एसएमपीएस तुमचं कार्ड एका इयत्तेने खाली आणतो. शिवाय लोकल एसएमपीएस जळला तर एकटा जाईल याची खात्री नाही. म्हणून आमचं पहिलं ठरलं: तीस हजारांतले साडेचार हजार एसएमपीएसला, साडेपाचशे वॅटचा ब्रॉन्झ. तो इथे तोंड वाकडं करत होता. "दादा, एसएमपीएस गेममध्ये दिसत नाही." मी म्हटलं, नाहीच दिसत. जळला की मात्र दिसतो.

अजून एक, आठ पिनांची वायर. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याच्या पुढचं लागलं की एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची ७५ देते, आठ पिनांची १५०. ऑफिसमधले जुने ब्रँडेड पीसी घेतलेत ना तुमच्यातल्या काहींनी? त्यांच्या एसएमपीएसला बऱ्याचदा ही वायरच नसते. तुमचं तसं असेल तर तुमच्यासाठी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल आहे. ७० वॅट, वेगळी वायर लागत नाही. दमदार नाही, पण तुमच्या पीसीत चालेल.

बी ५८० का नाही

"पण बारा जीबी?" मामेभावाचं तेच चाललेलं.

बी ५८० वाईट कार्ड नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलं, तेव्हा त्या किमतीत बारा जीबी बघून सगळे खूश झाले. पण पहिल्या चाचण्या झाल्या त्या सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर. महिनाभराने काही परीक्षकांनी ते रायझन ५ २६००, ३६०० अशा जुन्या प्रोसेसरवर लावून पाहिलं आणि बऱ्याच गेम्समध्ये ते चांगलंच घसरलं. इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त काम टाकतो. त्यात त्याला रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डमध्ये चालू लागते, ती नसेल तर अजून मार. मामेभावाचा प्रोसेसर नेमका ३६००. म्हणजे ज्याच्यासाठी हे कार्ड नव्हतं, तोच गिऱ्हाईक. वॅटमध्येही बाहेर आणि प्रोसेसरमध्येही बाहेर.

मग मेमरीचं काय? आठ जीबी पुरतात का? खरं सांगतो. फुल एचडीवर, आज, पुरतात. पण काही नव्या गेम्समध्ये टेक्स्चर 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणावे लागतात. २०२५ मध्ये आठ जीबीचं कार्ड घेताय म्हणजे हे मान्य करून घ्या. बजेट चाळीसच्या पुढे जात असेल तर आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबी मॉडेल किंवा आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ जीबी बघा. तीस हजारांत ती चर्चा करून जीव जाळू नका.

आणि एक. त्याचा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा. ४०६०, ५०६०, ६६०० ही कार्डं स्लॉटच्या सोळा लेनपैकी आठच वापरतात. जुन्या बोर्डवर त्यामुळे थोडा वेग कमी होतो. बहुतेक गेम्समध्ये जाणवणार नाही इतकाच. पण कार्डाची मेमरी भरली की जाणवतो. म्हणून पुन्हा तेच, टेक्स्चर 'हाय'वर.

मॉनिटर विसरू नका

७५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवतो. कार्डाने १४० बनवली तरी डोळ्यापर्यंत ७५च येणार. मग १४० चे पैसे कशाला? आमचं लक्ष्य सोपं होतं: फुल एचडी, हाय सेटिंग, साठ ते पंचाहत्तर.

उरली दोन कार्डं. ४०६० आणि ६६००. ५०६० पण होतं काठावर, पण ते घेतलं की तीस हजार तिथेच संपत होते आणि लोकल एसएमपीएस तसाच राहत होता. ते बाद.

४०६० तीस टक्के स्वस्त मिळालं असतं तर मी डोळे झाकून तेच म्हटलं असतं. वीज कमी, डीएलएसएस चांगलं, स्ट्रीमिंग करायचं असेल तर एन्कोडर चांगला. पण सुरतच्या ज्या दुकानात आम्ही गेलो तिथे त्याचा एकच डब्बा उरला होता आणि भाव चढा. ६६०० बावीस हजारांच्या आत. हे कार्ड २०२१ चं आहे. रे ट्रेसिंग त्याला झेपत नाही, विसरून जा. पण त्याच्या १०५० टीआयच्या अडीच पटीहून जास्त वेगवान आहे आणि त्याच्या पीसीत सगळीकडून बसत होतं.

घेतलं. ६६०० आणि एसएमपीएस मिळून साडेसव्वीस हजार. साडेतीन हजार परत आले. त्यातून त्याने मामीला साडी घेतली, बाकीचे ठेवलेत.

दुकानात काय बघायचं

नंदुरबारहून सुरत गाडीने सोपं पडतं म्हणून आम्ही तिथे गेलो. तुम्ही मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड आहे. कुठेही जा, चार गोष्टी करा.

एक. भाव विचारताना जीएसटी धरून विचारा. आधी कमी भाव सांगून बिलाच्या वेळी अठरा टक्के वर चढवणारे भेटतात.

दोन. पक्कं बिल, आणि बिलावर कार्डाचा सिरीअल नंबर. डब्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा, तिन्ही नंबर तिथेच जुळवा. ऑनलाइन घेतलंत तर पार्सल फोडण्यापासून एकच सलग व्हिडिओ काढा.

तीन. वॉरंटी किती वर्षं, आणि बिघडलं तर कुठे न्यायचं? "कंपनी बघेल" हे उत्तर चालणार नाही. सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात आहे ते विचारा. आपल्यासारख्यांना जाण्यायेण्याचा एक दिवस आणि भाडं पडतं, तो खर्चही किमतीत धरा.

चार. कॅबिनेटमध्ये जागा मोजून जा. मिलिमीटरमध्ये. तीन पंख्यांचं कार्ड आणून घरी पुढचे पंखे काढणारे मी पाहिलेत.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी वेगळं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धत बदलली आणि कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं. ती राबवलेली कार्डं अजून बाजारात फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण विकणाऱ्यासमोर पीसीत लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड उघडा. मग फरमार्क पंधरा-वीस मिनिटं चालवा, तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका, पडद्यावर ठिपके येतात का बघा. "आत्ता लाइट नाही, घेऊन जा, काही झालं तर मी आहे ना" असं कोणी म्हणालं, तर माझे दोन बोकड आठवा.

घरी आणल्यावर

लावल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते फ्रेम्सवर मर्यादा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. ७५ वर बांधून टाकलं. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये कार्ड मग निवांत चालतं, कमी वीज घेतं, कमी तापतं. नंदुरबारचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो. खोलीत पत्रा असेल तर विचारूच नका. दर महिन्याला ब्रशने धूळ काढा. पीसी एसटीने किंवा जीपमधून हलवायचा असेल तर कार्ड आधी काढून डब्यात ठेवा. आमच्याकडच्या रस्त्यांवर जड कार्ड स्लॉटसकट तुटून येईल.

रेड डेड रिडेम्प्शन २ हाय सेटिंगवर साठच्या आसपास टिकतं. घोडा अडखळत नाही. खेळताना मुद्दाम भिंतीतली मुख्य पिन काढून पाहिली. यूपीएसने एकदा पीं केलं आणि पीसी चालू राहिला. गेम सेव्ह करून नीट बंद करायला पुरेसा वेळ मिळाला.

एक गोष्ट लपवत नाही. कार्ड घेऊन फार दिवस झाले नव्हते आणि ऑक्टोबरच्या शेवटी एएमडीची बातमी आली, की आरएक्स ५००० आणि ६००० मालिकांचे ड्रायव्हर आता वेगळ्या शाखेत, देखभालीपुरते ठेवणार. मामेभावाचा रात्री फोन. "दादा, फसलो का?" लोकांनी बरीच ओरड केली, मग कंपनीने स्पष्ट केलं की नव्या गेम्ससाठीचे अपडेट येत राहतील. पण नवीन तंत्रं आधी नव्या कार्डांनाच मिळणार हे उघड आहे. मला हे घेताना माहीत असतं तर? मी दोन-तीन हजार वर जाऊन ४०६० ची जास्त घासाघीस केली असती, असं आज वाटतं. कार्ड काम करतंय, चूक झाली असं म्हणणार नाही. पण तुम्ही आज घेत असाल तर हा मुद्दा तराजूत टाका.

आईचं राहिलं

काल आईला कार्डाचं सगळं सांगून झालं. तिने विचारलं, "तुझं ते कार्ड अजून चालतं का, बोकडांचं?"

चार वर्षं झाली. मी सांगून टाकलं. नकली होतं, पैसे गेले, तुला खोटं बोललो.

ती चुलीपाशी बसली होती. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे गेले ते गेले. सांगायला चार वर्षं का लावलीस? तेव्हाच सांगितलं असतंस तर त्या पोराला पण आधीच शहाणपण आलं असतं." आणि भाकरी उलटली.

म्हणून आज हे तुमच्यासमोर बोललो. फसलो की आपण गप्प बसतो, कारण लाज वाटते. आणि आपण गप्प बसलो की तोच विक्रेता पुढच्या पोराला तेच कार्ड विकतो.

तर मित्रांनो, मला मेसेज करताना आता "कोणतं कार्ड घेऊ" एवढंच लिहू नका. पाच गोष्टी लिहा: एसएमपीएस किती वॅटचा आणि त्यावर शिक्का कोणता, यूपीएसच्या स्टिकरवर वॅट किती, प्रोसेसर कोणता, मॉनिटर कोणता, आणि पैसे किती. एवढं लिहिता लिहिता निम्म्या जणांना उत्तर स्वतःच सापडेल. आणि कोणी फसला असाल तर तेही लिहा, नाव न घेता पुढच्या भागात वाचू.

इथे नेटवर्क धड नाही, त्यामुळे हा भाग मी टेकडीवर चढून अपलोड करणार. उशिरा आला तर समजून घ्या. काळजी घ्या, आणि घेण्याआधी विचारा, किती वीज खातं? भेटू.